परड्यातला ‘अमेरिकन’ मका: एका नावाची पार्श्वभूमी

मका सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला, असं साधारणपणे मानलं जातं. कोकणात त्याने भाताची जागा कधीच घेतली नाही. पडवळाच्या मांडवाशेजारी चार ओळी लावायच्या आणि श्रावण-भाद्रपदात कणसं भाजायची, एवढाच त्याचा मान.

गोड मका परड्यात आला तो फार उशिरा. जुन्या गोड वाणांतली साखर कणीस तोडल्यावर दिवसभरात पिठूळ व्हायला लागायची. 1950च्या दशकात अमेरिकेत सुरकुतलेल्या दाण्याच्या एका जनुकावर काम झालं. त्यातून आलेल्या वाणांत साखर जास्त असते आणि ती कित्येक दिवस टिकते. 2000 नंतर वाफवलेल्या दाण्यांचे कप शहरांतून किनाऱ्यावरच्या गाड्यांपर्यंत पोचले, आणि या मक्याला ‘अमेरिकन’ नाव चिकटलं.

या नावाने मोठा घोळ घातला आहे. आपण ज्याला गावठी म्हणतो तो मकाही मूळचा अमेरिका खंडातलाच. फरक देशाचा नाही, एका जनुकाचा आहे, आणि गोडीचं ते जनुक दबून राहणारं, म्हणजे गावठी जनुक सोबत आलं की त्याचं काही चालत नाही. पण नावामुळे ही दोन निराळी पिकं वाटली आणि लोकांनी ती एकाच वाफ्याच्या दोन कडांना लावली. भोपळ्यात परका पराग पडला तरी त्या वर्षीचं फळ बदलत नाही. मक्याचं तसं नाही. दाणा हाच पुढच्या पिढीचा, त्यामुळे गावठी तुऱ्याचा पराग गोड मक्याच्या केसांवर पडला की त्याच कणसातला दाणा पिठूळ होतो. मग ‘बी फसवं निघालं’ अशी तक्रार. माझ्या मते त्यातलं बरंचसं बी चांगलंच होतं, शेजार चुकीचा होता. दोन्ही हवे असतील तर पेरणीत किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवावं. संकरित गोड मक्याचं घरी धरलेलं बी मात्र पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही.

दुसरा वाद हंगामाचा. जुनी मंडळी आजही मृगाचाच आग्रह धरतात. गावठी मक्याला निचऱ्याच्या जागी ते चालून जातं, पण गोड मक्याच्या सुरकुतल्या बियांत पिठाचा साठा कमी असतो आणि जूनच्या चिखलात त्या कुजतात. भात कापून झाल्यावर नोव्हेंबरात, विहिरीचं पाणी असेल तिथे लावलेला मका जास्त भरतो. तोही एका लांब ओळीत नको, चौकोनी वाफ्यात लावावा. प्रत्येक केसाला पराग मिळाला तरच तिथे दाणा धरतो.

2018 पासून अमेरिकन लष्करी अळी आली, इथेही नाव तेच. ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, शिरून कोवळी पानं कुरतडते. परड्यातल्या पंचवीस-तीस झाडांना फवारणीपेक्षा रोज सकाळी पोंगा उघडून अळी वेचणं आणि आत चिमूटभर राख टाकणं जमतं. कणसं भरत आली की मग वानरांपासून राखण.