जोडफोटोंमधला तो मिलिमीटरभर फरक

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं, हे बडोदेकर मराठी माणूस अभिमानाने सांगतो. त्या ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची एक शाखा होती, हे मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी तिथे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारे मॅजिक लँटर्न होते, सिनेमा होता आणि स्टिरिओस्कोपही होते. स्टिरिओस्कोप म्हणजे डोळ्यांना लावायची दोन भिंगं आणि त्यांच्यासमोर पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवलेले दोन फोटो, वरवर अगदी सारखे.

पण ते सारखे नसतात, आणि सगळी किमया त्या फरकातच आहे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. समजा, कॅमेऱ्याची दोन भिंगंही तेवढ्याच अंतरावर आहेत आणि त्यांचं नाभीय अंतर (दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे जिथे स्पष्ट पडते, तिथपर्यंतचं अंतर) १३ सेंटिमीटर आहे. मग पाच मीटरवरचा खांब एका फोटोत दुसऱ्यापेक्षा सुमारे १.७ मिलिमीटर सरकलेला दिसेल, दहा मीटरवरचा त्याच्या निम्मा, आणि शंभर मीटरवरचा एक दशांश मिलिमीटरहूनही कमी. एवढ्याशा सरकण्यावरून मेंदू खोली उभी करतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे नुसत्या रेघांच्या चित्रांवर दाखवलं, तेव्हा फोटोग्राफी अजून जाहीरही झाली नव्हती!

दूरचा किल्ला म्हणूनच अशा कार्डात सपाट दिसतो. जाणते फोटोग्राफर जवळ एखादा माणूस किंवा झाडाची फांदी मुद्दाम ठेवत. चंद्र तर फारच लांब. पण तो आपल्याकडे तोंड करून किंचित डोलतो, याचा फायदा घेऊन एकोणिसाव्या शतकातले खगोलछायाचित्रकार वॉरन द ला रू यांनी वेगवेगळ्या रात्रींचे दोन फोटो जोडले आणि चंद्र गोल दिसला.

कार्ड बनवताना एक खुबी सांभाळावी लागे. कॅमेऱ्यात प्रत्येक प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे छापताना डावा-उजवा फोटो अदलाबदल करून चिकटवावा लागतो. ते राहिलं तर खड्डा उंचवटा होतो आणि उंचवटा खड्डा. माणसाचा चेहरा मात्र सहसा आत जात नाही, कारण आत गेलेलं नाक मानायला मेंदू तयारच होत नाही.

कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठाकडे अशा छायाचित्रांच्या अडीच लाखांच्या आसपास निगेटिव्ह आहेत. पण जोडीतला एकच फोटो स्कॅन करून ठेवला, तर माझ्या मते ते जतन नव्हेच. खोली जातेच, शिवाय पडताळाही जातो. एकाच फोटोत दिसणारा डाग बहुधा कागदावरचा असतो, तर दोन्हींत जागच्या जागी असलेला डाग प्रत्यक्ष भिंतीवरचा.

माळ्यावरच्या ट्रंकेत असं कार्ड सापडलं, तर त्याचा बाक काढायला जाऊ नका. बरीच कार्डं मुळातच वाकवून बनवलेली असतात, दाबली की फोटोचा थर तडकतो. दोन्ही फोटो एकाच वेळी स्कॅन करा, मागचा मजकूरही घ्या. आणि त्यात दिसणारा एखादा खांब आजही उभा असेल, तर टेप लावून त्याची उंची मोजा. त्या एका मापावरून, फोटोंमधल्या फरकाच्या आधारे, शेजारच्या पडून गेलेल्या भिंतीची उंची अंदाजे काढता येते; कॅमेऱ्याच्या भिंगांचं नाभीय अंतरही माहीत असेल, तर तिचं खांबापासूनचं अंतरसुद्धा.