पादचारी सिग्नलचं बटण
रस्ता ओलांडायच्या जागी सिग्नलच्या खांबावर जे बटण असतं ते दाबून खरंच काही होतं का, तर याचं उत्तर सिग्नलप्रमाणे बदलतं, कधीकधी एकाच सिग्नलला दिवसा वेगळं आणि रात्री वेगळं.

बटण दाबलं की कंट्रोलरमध्ये, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या यंत्रात, मागणी नोंदली जाते, बास, एकदा नोंदली की पुढे दहा वेळा दाबलं तरी काही फरक पडत नाही. आणि नोंद झाली म्हणून गाड्या लगेच थांबत नाहीत, त्यांचा ठरलेला कमीत कमी हिरवा, मग पिवळा, मग थोडा वेळ सगळीकडे लाल, एवढं झाल्यावर आपली पाळी, त्यामुळे चालू असलेलं बटणसुद्धा लोकांना बंद वाटतं.

गर्दीच्या चौकात सिग्नल बहुतेक ठरलेल्या वेळेवर चालतो, पायी चालणाऱ्यांचा हिरवा दर फेरीत येतोच, तिथे बटणाचं काम नाही. न्यूयॉर्कमध्ये सिग्नल कॉम्प्युटरवर गेले तशी 1980 च्या दशकाच्या शेवटापर्यंत बहुतेक बटणं बंद केली गेली पण खांबावर तशीच राहिली, 2004 मध्ये शहरात उरलेल्या 3250 पैकी 2500 हून जास्त बटणांचा काहीच उपयोग नव्हता. हे मला चूक वाटतं, बंद केलं तर तसं लिहा तरी, कारण एकदा माणूस फसला की जिथे बटण लागतंच तिथेही तो दाबत नाही.

आणि लागतं अशा जागा भरपूर आहेत. चौक नाही, नुसतं मधेच क्रॉसिंग आहे, तिथे सहसा दाबल्याशिवाय हिरवा येतच नाही. गाडी आली की ओळखणाऱ्या सेन्सरवर चालणाऱ्या चौकात तर न दाबता गाड्यांच्या हिरव्यावर निघालात तर तो वेळ एखाद दुसऱ्या गाडीपुरता असू शकतो आणि तुम्ही अर्ध्यात अडकता, म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर हे फार धोक्याचं. सिडनीच्या मध्यभागात दिवसा हिरवा आपोआप येतो, बाकी वेळी बटण लागतं, 2020 मध्ये कोविडमुळे लोकांना हात लावायला लागू नये म्हणून तिथे आणखी बरेच सिग्नल आपोआपवर टाकले होते.

ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी बटणाच्या डब्याखाली एक छोटा शंकू असतो, हिरवा लागला की तो फिरतो. ज्यांना दिसत नाही ते त्यावर बोट ठेवून उभे राहतात आणि फिरायला लागला की निघतात.