सहा महिने कशासाठी? परस्परसंमतीच्या घटस्फोटाची पार्श्वभूमी

1955 च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोट नव्हताच. दोघांनाही वेगळं व्हायचं असलं, तरी एकाने आरोप करायचे आणि दुसऱ्याने दोषी ठरायचं, हाच मार्ग. त्यातही छळ किंवा टाकून देणं या कारणांवर थेट घटस्फोट मिळत नसे, फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याची कायदेशीर मुभा, मिळे. छळ सिद्ध होऊनही लग्न लगेच संपत नसे, कागदावर उरायचं.

त्याआधी घटस्फोट ठाऊकच नव्हता असं मात्र नाही. अनेक जातींत रूढीने काडीमोड होत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 मध्ये त्यासाठी कायदा केला, बडोदा संस्थानाने 1931 मध्ये आणि मुंबई प्रांताने 1947 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला. 1955 च्या कायद्यानेही कलम 29 मध्ये रूढीचा काडीमोड कायम ठेवला.

1976 च्या दुरुस्तीने दोन बदल झाले. छळ आणि टाकून देणं ही घटस्फोटाची कारणं झाली आणि कलम 13-ब आलं, म्हणजे ज्याला आज सगळे ‘म्युच्युअल’ म्हणतात ते. किमान एक वर्ष वेगळं राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा. ही पहिली मोशन. मग सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, दुसरी मोशन, म्हणजे दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे तीच मागणी करणं, आणि त्यानंतर हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश. ‘वेगळं राहणं’ म्हणजे वेगळं घरच हवं असं नाही. एका छपराखाली राहूनही पती-पत्नीचं नातं थांबलेलं असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुरेष्टा देवी खटल्यात स्पष्ट केलं. त्याच निकालाने संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे असंही ठरवलं. मधल्या काळात एकाने माघार घेतली तर अर्ज तिथेच संपतो. म्हणून दुसऱ्या मोशनआधीच सगळे पैसे किंवा दागिने देऊन टाकणं धोक्याचं. हप्ते मोशनच्या तारखांना जोडून लिहावेत.

सहा महिने ठेवले ते घाईत किंवा दबावाखाली केलेली सही मागे घेता यावी म्हणून. 2017 मध्ये अमरदीप सिंग खटल्यात न्यायालयाने ही अट शिथिल करता येईल असं सांगितलं, पण पहिल्या मोशनपूर्वीच वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी व मुलांचा ताबा खरोखर मिटलेला हवा. तसा अर्ज पहिल्या मोशननंतर आठवड्याने करता येतो. बऱ्याचदा अडतं ते ‘खरोखर मिटलेला’ या शब्दांवर.

कारण मोठ्यांचा कायदा दोषाकडून संमतीकडे सरकला, पण मुलाची संमती त्यात कुठेच नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. पालकत्व मात्र ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असं लिहिलेलं आहे. ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ मृत्यूनंतर एवढाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयात ठरायला 1999 उजाडलं. ताबा ठरवताना निर्णायक असतं ते मुलाचं हित.

आणि संमतीच्या अटींत मुलाच्या वाट्याला अनेकदा एकच ओळ येते: ‘वडील उभयतांच्या सोयीने मुलास भेटतील.’ या ओळीत पुढच्या दहा वर्षांची भांडणं दडलेली असतात, कारण सोय कधीच जुळत नाही. तिच्या जागी असं हवं: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी 10 ते रविवारी संध्याकाळी 6, आणायला वडील येतील, सोडायलाही तेच, मुलाला ताप असेल तर पुढचा शनिवार. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, पहिला अर्धा भाग कोणाचा हे वर्षाआड बदलणारं. शाळेची फी कोण, कोणत्या तारखेला भरणार. पासपोर्टच्या अर्जावर सही किती दिवसांत द्यायची. हे लिहायला एक पूर्ण दुपार लागते, आणि ती द्यायलाच हवी.

खर्चाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. संमतीच्या घटस्फोटातही तोच तक्ता समोर ठेवून आकडा काढावा आणि दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहावी. वाढीची ओळ राहिली, की बालवाडीच्या वेळी ठरलेली रक्कम दहावीपर्यंत तीच राहते. मुलाचा पोटगीचा हक्क आई किंवा वडील सोडून देऊ शकत नाहीत. त्यामुळे ‘यापुढे काहीही मागणार नाही’ हे वाक्य मुलाला बांधत नाही, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली ताबा, शिक्षण व खर्चाचे आदेश हुकूमनाम्यानंतरही बदलून घेता येतात.