बरिसालच्या वकिलाचा हिशेब : जोगेंद्रनाथ मंडल यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

जुलै 1946 मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली, तेव्हा मुंबई प्रांताच्या विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचे बळ नसल्यामुळे त्यांना स्वतःच्या प्रांतातून निवडून जाणे जवळजवळ अशक्य होते. ते बंगालमधून निवडून आले आणि त्यासाठी तिथल्या आमदारांची मते जुळवण्यात पुढाकार होता तो बंगालमधील दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांचा. महाराष्ट्रात मंडलांचे नाव बहुधा एवढ्यापुरतेच निघते, तेही ‘जेसोर-खुलना मतदारसंघा’च्या उल्लेखासह. वास्तविक ही निवडणूक अप्रत्यक्ष होती. प्रांतिक विधानसभेचे सदस्यच मतदार असल्याने अशा नावाचा मतदारसंघ असण्याचा प्रश्नच नव्हता.

मंडलांचा जन्म 1904 साली आताच्या बांगलादेशातील बरिसाल भागातील एका नामशूद्र शेतकरी कुटुंबात झाला. पूर्व बंगालच्या नद्या-खाड्यांच्या मुलखात शेती, मासेमारी आणि नावाड्याची कामे करणारा हा समाज अस्पृश्य गणला जाई. मात्र हरिचंद आणि गुरुचंद ठाकूर यांच्या मतुआ या धर्मसुधारणा चळवळीमुळे शिक्षणाची आस तिथे आधीच रुजली होती. मंडलांनी 1934 साली कायद्याची पदवी घेतली, वकिली सुरू केली आणि 1937 मध्ये ते बंगालच्या विधानसभेत पोहोचले. पुणे करारानुसार बंगालमध्ये दलितांसाठी 30 जागा राखीव असतानाही ते सर्वसाधारण जागेवरून अपक्ष म्हणून उभे राहिले, आणि बरिसालचे वंदनीय पुढारी अश्विनीकुमार दत्त यांच्या पुतण्याला, म्हणजे काँग्रेसच्या उमेदवाराला, त्यांनी पाडले. आरंभी त्यांचा ओढा सुभाषचंद्र आणि शरत्चंद्र या बोस बंधूंकडे होता. पुढे काँग्रेसमधून अपेक्षाभंग झाल्यावर त्यांनी वेगळी वाट धरली आणि 1943 मध्ये फेडरेशनची बंगाल शाखा स्थापन केली.

त्याच वर्षी ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्या मुस्लिम लीगप्रणीत सरकारला 21 दलित आमदारांनी पाठिंबा दिला, आणि त्या बदल्यात ठरलेल्या अटी मंडलांची दृष्टी नेमकी दाखवतात: मंत्रिमंडळात दलित समाजाचे तीन मंत्री, दलितांच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत प्रमाणानुसार नेमणुका. स्वतः मंडलांकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा हे खाते आले. बंगालमधील मुसलमान आणि दलित हे दोघेही मुख्यतः कुळे, शेतमजूर आणि मच्छीमार, दोघेही शिक्षणात मागे, आणि दोघांच्याही मानेवर सवर्ण जमीनदार व सावकार, असा त्यांचा हिशेब होता. त्याला भाबडेपणा म्हणण्याची आज रीत आहे, पण बरिसालच्या बाजारात आणि कचेरीत वावरणाऱ्या वकिलाला तो रोजच्या अनुभवाशी पडताळून पाहता येत होता. त्यांची चूक, माझ्या मते, पुढची होती: गावपातळीवर जुळणारा हा हिशेब धर्माच्या आधारे उभ्या राहणाऱ्या राज्यातही जुळेल, असे ते धरून चालले.

ऑगस्ट 1946 मधील कोलकात्याच्या कत्तलीनंतरही त्यांनी बंगालमधील सुऱ्हावर्दी यांच्या लीग सरकारची साथ सोडली नाही. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या हंगामी सरकारात लीगने आपल्या पाच जागांपैकी एक त्यांना देऊन कायदा खात्यावर नेमले. फाळणीने बंगालमधून मिळालेले आंबेडकरांचे सदस्यत्व संपुष्टात आले आणि मुकुंदराव जयकरांनी सोडलेल्या जागेवर ते जुलै 1947 मध्ये मुंबईतून पुन्हा निवडून आले. इकडे 10 ऑगस्टला कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक मंडलांच्या तात्पुरत्या अध्यक्षतेखाली भरली. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे पहिले कायदेमंत्री फेडरेशनचे नेते होते, ही गोष्ट दोन्हीकडे क्वचितच बोलली जाते. मात्र त्याच नोव्हेंबरात आंबेडकरांनी पाकिस्तानातील दलितांना भारतात निघून येण्याचे आवाहन केले, तर मंडल आपल्या लोकांना पूर्व बंगालमध्येच थांबण्याचा धीर देत राहिले.

जिनांच्या निधनानंतर पाकिस्तानच्या मंत्रिमंडळातील मंडलांचे स्थान नावापुरते उरले. 1950 च्या आरंभी पूर्व बंगालमध्ये हिंदूंवर, त्यातही नामशूद्र वस्त्यांवर, भीषण हल्ले झाले; अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी एप्रिलमध्ये झालेल्या नेहरू-लियाकत करारानेही स्थिती सुधारली नाही. ऑक्टोबरमध्ये मंडल कोलकात्याला निघून आले आणि तिथून पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनाम्याचे पत्र पाठवले. ते वकिलाने कैफियत लिहावी तसे आहे. 1943 चा करार काय होता इथपासून सुरुवात करून खुलन्यातील कालशिरा गावी पोलीस आणि लष्कराने केलेल्या अत्याचारांपर्यंत एकेक घटना त्यात क्रमाने मांडली आहे, आणि लीगशी सहकार्य का केले याचे समर्थनही मागे घेतलेले नाही.

भारतात त्यांना कोणी आपले मानले नाही. काँग्रेसच्या लेखी ते लीगचे माणूस होते, आणि डाव्यांना जातीचे राजकारण नको होते. निर्वासितांच्या प्रश्नांवर ते काम करीत राहिले, निवडणुका लढवून हरले, आणि 5 ऑक्टोबर 1968 रोजी सीमेलगतच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले. ज्या नामशूद्र कुटुंबांसाठी ते झगडले, त्यांपैकी कित्येकांना सरकारने बंगालबाहेर दंडकारण्यात आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात वसवले. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत असलेला हा समाज महाराष्ट्राच्या यादीत नसल्याने, चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यातील बंगाली गावांची त्यासाठीची मागणी जुनीच आहे.