सूचौ : बागा, रेशीम आणि हातांच्या कला

सूचौ हे पूर्व चीनच्या च्यांग्सू प्रांतातले ऐतिहासिक शहर. शांघायच्या पश्चिमेला सुमारे १०० किमीवर, थायहू या विस्तीर्ण सरोवराजवळ ते वसले आहे. शांघायहून जलद रेल्वेने तेथे अर्ध्या तासात पोहोचता येते. २०२० च्या जनगणनेत साऱ्या महानगराची लोकसंख्या सव्वा कोटीच्या पुढे गेली. कारखाने आणि काचेच्या उंच इमारती बाहेर पसरल्या आहेत. खंदकाने वेढलेले जुने शहर मात्र जेमतेम १४ चौ. किमीचे आहे आणि तेथे घरांच्या उंचीवर आजही कडक मर्यादा आहे. पांढऱ्या भिंती, काळी कौले आणि घराच्या मागच्या दारापर्यंत आलेले पाणी हे या भागाचे रूप आहे. ‘वर स्वर्ग, खाली सूचौ आणि हांगचौ’ ही चिनी म्हण प्रसिद्ध आहे.

इ. स. पू. ५१४ मध्ये वू राज्याचा राजा ह-ल्यू याने हे शहर राजधानी म्हणून वसवले. शहराची आखणी त्याचा मंत्री वू त्सश्यू याने केली, असे परंपरा सांगते. अडीच हजार वर्षांत युद्धे झाली, जाळपोळ झाली, पण शहर जागचे हलले नाही. इ. स. १२२९ मध्ये दगडी शिळेवर कोरलेला शहराचा नकाशा सूचौत जपलेला आहे. त्यात दिसणारे कितीतरी कालवे, पूल आणि गल्ल्या आजही तेथेच आहेत. एका बाजूला पायरस्ता आणि त्याला लागून पाण्याचा रस्ता, अशी ही दुहेरी आखणी सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या फिंगच्यांग रस्त्यावर सर्वांत चांगली समजते. येथे वल्ह्याच्या छोट्या नावा मिळतात. नावेच्या मागच्या टोकाला उभे राहून एकच लांब वल्हे डावी-उजवीकडे हलवत नाव पुढे नेतात, आणि वल्हवणाऱ्या बायका स्थानिक वू बोलीतली गाणी म्हणतात. मुलांना शहराची ओळख करून द्यायची तर सुरुवात या नावेतून करावी. पुलाखालून जाताना मान खाली घालावी लागते, तेवढ्यानेच ती खूश होतात.

सूचौच्या बागा जगप्रसिद्ध आहेत. त्यांतल्या ४ बागा १९९७ मध्ये आणि आणखी ५ बागा २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. निवृत्त अधिकारी, व्यापारी आणि विद्वान यांनी आपापल्या घरामागे डोंगर, तळे आणि अरण्य लहान आकारात उभे केले, त्या या बागा. सर्वांत मोठी चुओचंग बाग सोळाव्या शतकाच्या आरंभी तयार झाली. ती सुंदर आहे, पण तेथे गर्दी फार असते. लहान मुले बरोबर असतील तर आधी शृत्सलिन म्हणजे ‘सिंहवन’ या बागेत जावे.

सिंहवन १३४२ मध्ये एका बौद्ध भिक्षूच्या शिष्यांनी आपल्या गुरूसाठी उभारले. सिंहासारख्या दिसणाऱ्या खडकांवरून त्याला हे नाव मिळाले. थायहू सरोवरातून काढलेल्या चुनखडीच्या खडकांचा येथे एक चक्रव्यूह आहे. वाटा वर चढतात, गुहेत शिरतात, दुसऱ्या वाटेच्या डोक्यावरून जातात आणि पुन्हा जिथून निघालो तिथेच आणून सोडतात. दोन हातांवर असलेला माणूस दिसतो, त्याचे बोलणे ऐकू येते, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला दहा मिनिटे लागतात. लपाछपीसाठी याहून चांगली जागा कोणी मुद्दाम बांधूनही देणार नाही. अठराव्या शतकातला छ्यान्लुंग बादशहा येथे अनेकदा आला आणि या बागेच्या प्रतिकृती त्याने उत्तरेत करून घेतल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाग पै घराण्याच्या मालकीची होती. याच घराण्यातला एक मुलगा सुट्टीत येथे खेळायला येई. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोरचा काचेचा पिरॅमिड रचणारे वास्तुविशारद आय. एम. पै ते हेच.

पै यांनी सांगितलेली एक गोष्ट सूचौ समजून घ्यायला फार उपयोगी आहे. बागेसाठी खडक तयार करणारे कारागीर योग्य दगड निवडत, त्याला छिन्नीने भोके पाडत आणि तो सरोवराच्या काठाशी पाण्यात ठेवून देत. पुढची कितीतरी वर्षे लाटा त्या भोकांच्या कडा झिजवत राहत. दगड बाहेर काढायचा तो मुलाने किंवा नातवाने. झाड लावावे तसा दगड लावायचा. असा खडक सडपातळ असावा, त्यावर सुरकुत्या असाव्यात, तो सच्छिद्र असावा आणि आरपार उजेड दिसावा, या जुन्या कसोट्या आहेत. ल्यू या सूचौतल्याच दुसऱ्या बागेतला साडेसहा मीटर उंचीचा एकच उभा खडक पाहिला की या कसोट्या डोळ्यांना पटतात. पै यांनी वयाच्या नव्वदीजवळ पोहोचल्यावर सूचौ संग्रहालयाची इमारत रचली. ती २००६ मध्ये उघडली. तिच्या अंगणात पांढऱ्या भिंतीसमोर दगडांच्या पातळ चकत्या उभ्या केल्या आहेत. पाण्यापलीकडून पाहिल्यास ते धुक्यातल्या डोंगरांचे शाईचित्र वाटते.

मात्र सूचौचा खरा जीव रेशमात आहे. सरोवराच्या काठची ओलसर जमीन तुतीला मानवली, आणि शेकडो वर्षे या भागातल्या घराघरांत रेशीम किडे पाळले गेले. मिंग आणि छिंग राजवटींत (इ. स. १३६८–१९१२) दरबारासाठी कापड विणणारे सरकारी कारखाने येथे होते. जुन्या शहराच्या उत्तर भागातल्या रेशीम संग्रहालयात ही सारी साखळी पाहायला मिळते : तुतीचा पाला, किडे, कोश, रहाट, माग. मराठवाड्यात तुती लावणाऱ्या घरांतल्या मुलांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. किडे पाला खाऊ लागले की पत्र्यावर पावसाची सर आल्यासारखा जो आवाज होतो, तो इथला आणि तिथला एकच.

रेशीम कसे निघते हे प्रत्यक्ष पाहणे हा येथला सर्वांत चांगला धडा आहे. कोश गरम पाण्यात टाकले की त्यांचा डिंक मऊ होतो. मग छोट्या झाडूसारख्या कुंच्याने पाण्यात हलकेच फिरवून धाग्याची टोके पकडतात. एका कोशातला अखंड धागा साधारण एक किलोमीटर भरतो. तो इतका बारीक असतो की सात-आठ कोशांचे धागे एकत्र पिळल्यावर कच्च्या रेशमाचा एक धागा होतो. कोशातला जीव या पाण्यात मरतो. मुले ते विचारतातच, आणि त्यांना खरे उत्तर द्यावे. कधीकधी एका कोशात दोन किडे असतात. त्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्याने ते उलगडता येत नाहीत. असे जोडकोश भिजवून, फाडून, बांबूच्या छोट्या कमानीवर टोपीसारखे ताणून बसवतात. वाळल्यावर चार जणी चार कोपरे धरतात आणि मागे सरकत खेचतात. मुठीत मावणारे ते पांढरे जाळे बघता बघता पलंगाएवढे पसरते. असे थर एकावर एक रचून रेशमी रजई तयार होते. काही ठिकाणी पाहुण्यांनाही एक कोपरा धरायला देतात. धरून पाहावा, रेशमाची ताकद हाताला कळते.

मराठी वाचकाने आवर्जून पाहावी अशी कला म्हणजे ‘ख-स’. हे विणकाम आहे, भरतकाम नाही. उभा ताणा सलग असतो, पण आडवा बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळा छोटा धोटा असतो, आणि तो रंग जेवढ्या जागेत हवा तेवढ्यातच तो मागे-पुढे फिरतो. ताण्याखाली चित्र ठेवून त्याची रूपरेषा कुंचल्याने धाग्यांवर उतरवून घेतात आणि मग विणायला बसतात. येवला-पैठणच्या मागावर पैठणीचा पदर विणताना रंगीत रेशमाच्या कांड्या अशाच आपापल्या जागी फिरतात, म्हणूनच पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. ख-सही दोन्ही बाजूंनी सारखे असते. फरक जोडावर आहे. पैठणीत शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून पुढे जातात. ख-समध्ये ते अडकवत नाहीत, त्यामुळे दोन रंगांच्या मध्ये बारीक फट राहते. कापड उजेडासमोर धरले की चित्राभोवती सुरीने कोरल्यासारख्या रेघा चमकतात. सुंग राजवटीत (इ. स. ९६०–१२७९) चू ख-रौ ही स्त्री आणि शन त्सफान हा कारागीर या कलेतले मोठे मानले गेले. त्यांनी विणलेली फुलापक्ष्यांची आणि निसर्गाची चित्रे कुंचल्याच्या चित्रांच्या तोडीची ठरली. पुढे बादशहांचे ड्रॅगनचे झगे याच पद्धतीने विणले जाऊ लागले. २००९ मध्ये चीनची रेशीमकला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, तीत सूचौच्या ख-स आणि सुंग किनखाबाचा समावेश आहे.

सूचौचे भरतकाम चीनच्या चार नामांकित भरतकामांपैकी एक. त्यात मुलांना थक्क करते ते दुहेरी भरतकाम. जवळजवळ पारदर्शक कापडावर काढलेले मांजर पुढून पाहा की मागून, तेवढेच पूर्ण दिसते. गाठ कुठेही नाही, सुटलेले टोक कुठेही नाही. सुई अगदी उभी खाली-वर जाते, आणि धाग्याची सुरुवात व शेवट पुढच्या टाक्यांखाली झाकले जातात. याहून अवघड प्रकारात दोन बाजूंना मांजराच्या डोळ्यांचे रंग वेगवेगळे असतात. कधी तर पुढे एक प्राणी आणि मागे दुसराच असतो. रेशमाचा एक धागा नखाने उकलून त्याचे दोन, चार, आठ, सोळा भाग करतात. सोनमाशाच्या शेपटीला लागतो तो यांतला सर्वांत बारीक, आणि तो दिसण्यापेक्षा जाणवतोच जास्त. थायहूकाठच्या चन्हू गावात हजारो बायका हे काम करतात. रस्त्यालगतच्या दुकानांत चौकटीवर वाकलेली कारागीर दिसली तर तिला न विचारता कापडाला हात लावू नये. घामाचा एक डाग महिन्याचे काम बिघडवू शकतो.

या कलेला आधुनिक वळण दिले ते शन शौ (१८७४–१९२१) यांनी. ‘शौ’ म्हणजे दीर्घायुष्य. हे नाव त्यांना १९०४ मध्ये राजमाता त्सशी यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला पाठवलेल्या भरतकामाबद्दल मिळाले. पाश्चात्त्य चित्रांतला छाया-प्रकाश त्यांनी टाक्यांत आणला. त्यांनी भरलेल्या येशूच्या चित्राला १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. आजारी असताना अंथरुणावरून त्यांनी आपले सारे तंत्र तोंडी सांगून लिहवून घेतले. नाव मागे ठेवलेल्या कारागिरांपैकी त्या एक. बाकीच्या असंख्य बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

थाओह्वावू भागातली लाकडी ठशांची नववर्षचित्रे छिंग काळात दूरवर जात. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो. छपाई करून पाहण्याची सोय असेल तेथे मुलांना जरूर बसवावे, कारण रंग एकमेकांवर नेमके बसवणे किती कठीण आहे ते पहिल्याच कागदावर समजते. हसऱ्या, चेंडूसारख्या गोल आकृतीचे ‘सारे गुण्यागोविंदाने’ अशा अर्थाचे चित्र यांत सर्वांत लाडके.

कोरीवकामात फळांच्या आठळ्यांवर म्हणजे कठीण बियांवर कोरणे ही सूचौची खासियत आहे. आज सूचौच्या अखत्यारीत असलेल्या छांगशूच्या एका कारागिराने १६२२ मध्ये आठळीवर होडी कोरली होती. तिचे वर्णन चिनी शाळांतली मुले आजही पाठ्यपुस्तकात वाचतात : पाच माणसे, उघडझाप करणाऱ्या आठ खिडक्या आणि चौतीस अक्षरे, हे सारे बोटाच्या एका पेराएवढ्या जागेत.

मोठ्या मापाचे कामही येथलेच. बीजिंगच्या राजवाड्यातल्या फरशीच्या ‘सुवर्णविटा’ सूचौजवळच्या लूमू येथे भाजल्या जात. त्यांत सोने नाही. ठोकल्यावर धातूसारखा नाद येतो म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आधी तूस आणि गवताच्या धुराची महिनाभर धग, मग चिरलेल्या लाकडाची महिनाभर, मग अखंड ओंडक्यांची महिनाभर, आणि शेवटी पाइनच्या फांद्यांची चाळीस दिवस, अशी भट्टी १३० दिवस चाले. भट्ट्यांच्या जागी आता संग्रहालय आहे.

संध्याकाळी चहाघरात फिंगथान ऐकावे. एक-दोन कलावंत हातात फिपा आणि सानश्यान ही तंतुवाद्ये घेऊन सूचौच्या बोलीत कथा सांगतात आणि मध्येच गातात. भाषा कळली नाही तरी स्वर कळतो. लहान मुले फार वेळ बसणार नाहीत. त्यांच्यासाठी टायगर हिल बरी. तेथला विटांचा सातमजली पॅगोडा दहाव्या शतकातला असून तो स्पष्ट कललेला आहे. राजा ह-ल्यूची कबर याच टेकडीखाली हजारो तलवारींसह आहे, अशी दंतकथा आहे. टेकडीकडे जाणारा शानथांग कालवा इ. स. ८२५ मध्ये कवी पाय च्यूयी याने येथे अधिकारी असताना खोदवला.

उन्हाळा दमट आणि जड असतो. जावे ते शरदात, क्वेइह्वा या सुवासिक झाडाची पिवळसर बारीक फुले गल्लोगल्ली घमघमतात तेव्हा. याच दिवसांत बाजारात ‘चीथौमी’ येते. नावाचा अर्थ ‘कोंबडीच्या डोक्याचे दाणे’, कारण फळ तसे दिसते. ही वनस्पती म्हणजे आपला मखाना. आपण तो लाह्या करून खातो, सूचौत कोवळे दाणे ताजेच खातात. फंगमन भागातल्या बाजारपेठेत बायका रस्त्याकडेला बसून, बोटांवर धातूची नखे चढवून, एकेक दाणा सोलत असतात. टरफल टणक, आतला दाणा मोत्यासारखा, आणि नख जरा जोरात लागले तर तो फुटतो. सोललेले दाणे मिनिटभर उकळून साखरेच्या पाण्यात टाकतात आणि वर चिमूटभर क्वेइह्वा भुरभुरतात.