मांडीचं हाड अन् उंचीचा हिशोब

परवा नागपुरात धंतोलीत टपरीवर चहा पिताना मित्रानं पेपरमधली बातमी वाचली, सापडलेल्या सांगाड्याची उंची अंदाजे साडेपाच फूट, अन् लगेच मला विचारलं, "काऊन बे, सांगाडा झोपवून टेप लावला का?" हसण्यासारखं वाटतं पण प्रश्न बरोबर आहे, कारण पुष्कळदा पूर्ण सांगाडा मिळतच नाही, एखादं मांडीचं हाड, अर्धी कवटी, बस.

पण तेवढं हाड पुरतं. फीमर म्हणजे मांडीचं हाड साधारण उंचीच्या पावभर असते. ते ऑस्टिओमेट्रिक बोर्डवर मोजतात, चपलेच्या दुकानात पाय मापायची सरकती पट्टी असते ना, डिट्टो तसंच. मग फॉर्म्युला. कार्ल पिअर्सननं 1899 मध्ये असे फॉर्म्युले दिले होते, पण जास्त चालले ते ट्रॉटर अन् ग्लेसरचे, 1952 चे, त्यात दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची हाडं होती अन् भरतीच्या वेळची त्यांची उंची कागदावर होतीच. गोऱ्या पुरुषांसाठी: फीमर गुणिले 2.38, अधिक 61.41. समजा हाड 44 सेंटीमीटर, तर उंची 166. पण पुढे ± 3.27 पण लिहिलेलं असते अन् लोक तेच विसरतात. त्याचा अर्थ असा की शंभरातले सत्तरेक लोकच 163 ते 169 मध्ये बसतील, जवळजवळ सगळे पकडायचे तर डबल करा, मग झालं सव्वापाच फुटापासून पाच आठपर्यंत. अर्धं नागपूर आलं त्यात!

अन् आपण काही अमेरिकन सैनिक नाही. प्रत्येक समाजात पायाचं धडाशी प्रमाण वेगळं असते, बाई-पुरुषात पण, म्हणून हाड कोणाचं हे आधी ठरवावं लागते. आपल्याकडच्या फॉरेन्सिकच्या पुस्तकांत सरळ गुणक असतो, फीमरसाठी 3.6 ते 3.8. तेच 44 घ्या, 158 ते 167 येते. एकच हाड, बघा.

ट्रॉटरबाईंची एक गंमत पण आहे. नडगीचं हाड मोजताना घोट्याकडचं टोक धरलं असं लिहिलं होतं, पण मोजताना ते सोडलं होतं, लांबी सेंटीमीटरभर कमी, अन् हे लक्षात आलं थेट 1990 च्या दशकात! मधल्या काळात ज्यांनी पुस्तकाप्रमाणे बरोबर मोजलं, त्यांचंच उत्तर चुकलं.

तरी उंची कामाची आहे, पण माणूस ओळखायला नाही, वगळायला. हरवलेल्यांच्या यादीतला सहा फुटी बाद झाला की काम कमी होते, मग दात, डीएनए. अडचण दुसरीकडे पण आहे, ती यादीतली उंची तरी कोणी मोजलेली असते? माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटीमीटरभर बुटका असतो, तिशीनंतर हळूहळू आणखी झिजतो, अन् घरचे सांगतात अंदाजानं. त्या मित्रालाच विचारलं, तो म्हणे पाच आठ. घरी भिंतीला उभं करून मोजलं तर पाच साडेसहा. मग वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, "पाच नऊ तर असतीलच नं."