'कॅरी अँड लोवेल' आणि 'जॅव्हलिन': सुफियान स्टीव्हन्सच्या दोन अल्बमांची सरमिसळ

सुफियान स्टीव्हन्सचा विषय निघाला की "'जॅव्हलिन' म्हणजे 'कॅरी अँड लोवेल'चाच दुसरा भाग" असं कुणीतरी म्हणतंच. वरवर पाहिलं तर त्यात खोटं काढायला जागा नाही. दोन्हीकडे तोच कुजबुजल्यासारखा आवाज, तीच बोटांनी छेडलेली गिटार, आणि दोन्हींच्या मागे एकेक मृत्यू. लांबीसुद्धा पाऊण तासाच्या आतबाहेर. शिवाय पहिला २०१५चा आणि दुसरा २०२३चा. मधल्या आठ वर्षांत या अमेरिकन गायक-गीतकाराने सिंथेसायझरवरचे अल्बम केले, बॅलेसाठी संगीत दिलं, तासन्‌तास चालणारं निःशब्द संगीत केलं. त्यामुळे तो पुन्हा गिटार घेऊन गायला लागला तेव्हा लोकांनी ताबडतोब जुन्या अल्बमशी गाठ बांधून टाकली.

यात अडचण एवढीच की एका अल्बमबद्दल खरी असलेली मतं दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. "सगळी गाणी एकसारखी वाटतात", "एकदम प्रामाणिक", "कोरस जरा जास्तच झाला", "कुणाबद्दल चाललंय तेच कळत नाही" ही मतं मी दोन्ही अल्बमांबद्दल ऐकली आहेत. खरं तर यातली पहिली दोन एका अल्बमची आहेत आणि शेवटची दोन दुसऱ्याची.

आधी मृत्यूंबद्दल, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे.

कॅरी ही स्टीव्हन्सची आई. तो जेमतेम वर्षाचा असताना ती घर सोडून गेली. मानसिक आजार आणि दारू या दोन्हींनी तिला आयुष्यभर पिडलं. पुढे तिने लोवेल ब्रॅम्स नावाच्या माणसाशी लग्न केलं. ते लग्न पाच वर्षं टिकलं, आणि त्या काळात ओरेगन राज्यातल्या युजीन या गावी मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे जात. स्टीव्हन्सच्या वाट्याला आई म्हणून जी काही आली ती मुख्यतः या सुट्ट्यांमध्ये. लग्न मोडलं, पण सावत्र बाप टिकला. लोवेलने पुढे सुफियानबरोबर 'अस्थमॅटिक किटी' हे लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, उभं केलं, त्याचा कारभार पाहिला, आणि दोन्ही अल्बम याच लेबलवर निघाले. कॅरी डिसेंबर २०१२मध्ये पोटाच्या कर्करोगाने गेली. ती अतिदक्षता विभागात असताना मुलगा तिला भेटायला गेला होता.

म्हणजे हा अल्बम आई गेल्याच्या दुःखाचा आहे असं म्हणणं अपुरं आहे. जी कधी नीट मिळालीच नाही ती आता कायमची गेली, हे त्यातलं दुःख आहे. अशा वेळी माणूस हाताशी असलेल्या बारीकसारीक तपशिलांना धरून बसतो, आणि गाण्यांत नेमकं तेच होतं. आईने आपल्याला व्हिडिओच्या दुकानात सोडून दिलं तेव्हा आपण तीन, कदाचित चार वर्षांचे होतो, हे 'शुड हॅव नोन बेटर'मध्ये येतं. 'युजीन' या गाण्यात पोहायला शिकवणारा माणूस येतो. त्याला 'सुफियान' म्हणता येत नाही म्हणून तो पोराला 'सुबारू' म्हणतो, चक्क मोटारगाडीचं नाव. ओरेगनमधल्या टेकड्या, बागा, जुने वणवे नावानिशी येतात. नकाशा घेऊन बसलात तर बरीचशी ठिकाणं सापडतील.

'फोर्थ ऑफ जुलै' हे सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं मात्र थोडं वेगळं. त्यात मरणाऱ्या आईशी मुलाचं बोलणं आहे आणि आई उत्तरही देते. काजवा, छोटा ससाणा, चतुर अशा लाडाच्या नावांनी ते एकमेकांना हाक मारतात. प्रत्यक्षात असं बोलणं त्यांच्यात किती झालं असेल, या विचाराने ते गाणं जास्त जड होतं. शेवटी 'आपण सगळेच मरणार' एवढंच परतपरत म्हटलं जातं, आणि ते इतक्या शांतपणे की पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्षच जात नाही.

'जॅव्हलिन'मध्ये यातलं काही नाही. गाव नाही, साल नाही, नाव नाही. सगळी गाणी 'तू'ला उद्देशून आहेत, पण हा 'तू' कोण ते गाणी सांगत नाहीत. ऑगस्ट २०२३मध्ये 'सो यू आर टायर्ड' हे गाणं आधी बाहेर आलं. त्यातला सूर थकलेल्या, विझत आलेल्या नात्याचा. साहजिकच ऐकणाऱ्यांनी ठरवून टाकलं की हा ब्रेकअपचा अल्बम. आगाऊ प्रती मिळालेल्या समीक्षकांनीही आपलं मत त्याच अंगाने बेतलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही. मग ६ ऑक्टोबरला अल्बम आला आणि त्याच दिवशी स्टीव्हन्सने तो आपल्या जोडीदाराला अर्पण केला, जो त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता. या नात्याबद्दल तो तोवर जाहीरपणे बोललेला नव्हता.

एका दिवसात अल्बमचा अर्थ पालटला. 'गुडबाय एव्हरग्रीन' हे सुरुवातीचं गाणं निरोपाचं होतंच, आता ते अंत्यनिरोपाचं झालं. 'विल एनीबडी एव्हर लव्ह मी?' या प्रश्नामागे एकटा पडलेला माणूस होता, त्या जागी मागे राहिलेला माणूस आला. सूर तेच, शब्द तेच.

माझ्या मते दोघांमधला खरा फरक इथे आहे. 'कॅरी अँड लोवेल'ला लागणारी माहिती गाण्यांतच भरलेली आहे. बाहेरचं काही न वाचता ऐकलात तरी एक आई, एक सावत्र बाप आणि काही उन्हाळे उभे राहतात. 'जॅव्हलिन'ला सगळ्यात मोठी माहिती बाहेरून मिळाली, तीही अल्बम पूर्ण झाल्यावर. तेव्हा 'जॅव्हलिन' हा शोकाचा अल्बम आहे असं सरसकट म्हणू नये. ही गाणी प्रेम टिकवण्याची धडपड, भांडण, थकवा आणि क्षमा यांबद्दल आहेत. मृत्यूची छाया त्यांच्यावर पडली आहे हे खरं, पण त्यातली प्रत्येक ओळ मृत्यूनंतर लिहिली गेली असं गृहीत धरून अर्थ लावायला बसणं म्हणजे गाण्यांवर जबरदस्ती आहे. 'शिट टॉक' (नाव असं असलं तरी गाणं अतिशय हळवं आहे) सरळसरळ भांडणाबद्दल आहे: पुन्हा भांडायचं नाही, तरी भांडण काही सुटत नाही. साडेआठ मिनिटांचं हे गाणं मला अख्ख्या अल्बमचा कणा वाटतं. त्यात 'द नॅशनल' या बँडच्या ब्राइस डेसनरची गिटार आहे.

आता नाद. इथे तर दोन्ही अल्बम एकमेकांपासून इतके लांब आहेत की लोक गोंधळतात कसे याचंच नवल वाटतं.

'कॅरी अँड लोवेल'मध्ये ड्रम्स जवळजवळ नाहीतच. गिटार, युकुलेली, बँजो, पियानो आणि गाणं संपल्यावर मागे रेंगाळणारे लांब, धूसर स्वर. त्यातलं एक गाणं ओरेगनमधल्या हॉटेलच्या खोलीत आयफोनवर रेकॉर्ड केलेलं आहे आणि ते तसंच ठेवलं आहे. स्टीव्हन्सकडे कच्च्या ध्वनिमुद्रणांचा ढीग साठला होता आणि त्यातून वाट काढणं त्याला जमत नव्हतं. निर्माता आणि पियानोवादक थॉमस बार्टलेटने ते सगळं ऐकून काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवायला मदत केली. बार्टलेटनेही थोड्याच काळापूर्वी आपला भाऊ गमावला होता. या अल्बमची शिस्त गाळण्यातून आली आहे. ज्या माणसाने २००५च्या 'इलिनॉय'मध्ये तुताऱ्या, व्हायोलिन आणि समूहगान यांची रेलचेल केली होती त्याच्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

याची किंमतही आहे. "सगळी गाणी सारखी" ही तक्रार उगाच केलेली नाही. पहिली सहा गाणी सलग एकाहून एक. त्यानंतरची चाल आणि वेग इतके जवळजवळ राहतात की हेडफोन लावून, गीतं समोर ठेवून बसल्याशिवाय उत्तरार्ध निसटतो. मी हा अल्बम आवडीने ऐकतो, तरी कामं करता करता लावला तर सातव्या गाण्यापासून पुढचं काही मला आठवत नाही.

'जॅव्हलिन'बद्दल ही तक्रार करणारा बहुधा पहिल्या मिनिटालाच उठून गेलेला असतो. कारण त्यातली युक्तीच अशी की गाणं एकट्या आवाजाने सुरू होतं आणि कुठेतरी मध्येच त्याला पंख फुटतात. 'गुडबाय एव्हरग्रीन' पियानोवर सुरू होतं आणि थोड्याच वेळात ढोल, घंटा, इलेक्ट्रॉनिक कल्लोळ असा स्फोट होतो. बहुतेक वाद्यं स्टीव्हन्सने स्वतः वाजवली आहेत, पण बायकांच्या आवाजांचा मित्रमंडळींतला छोटा कोरस जागोजागी येतो. हा कोरस काहींना खटकतो. एवढं खाजगी दुःख आणि त्यावर एवढी सजावट? मला उलट वाटतं. पहिल्या अल्बममध्ये स्वतःच्याच आवाजावर स्वतःचा आवाज चढवून गाणारा हा माणूस इथे दुसऱ्यांना आपल्याबरोबर गायला बोलावतो. 'विल एनीबडी एव्हर लव्ह मी?'सारखे प्रश्न एकट्याने विचारले असते तर रडगाणं झालं असतं. आणि शेवटचं गाणं मुळात त्याचं नाहीच. नील यंगच्या १९७२च्या 'हार्व्हेस्ट' अल्बममधलं 'देअर्स अ वर्ल्ड' आहे. मूळ गाण्यावर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा डोलारा आहे. स्टीव्हन्सने तो उतरवून नुसती गिटार आणि हलके आवाज ठेवले. अख्ख्या अल्बमभर गाणी फुगवत नेणारा माणूस शेवटी दुसऱ्याचं फुगवलेलं गाणं हलकं करतो, हे मला फार आवडतं.

"प्रामाणिक" या शब्दाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो 'कॅरी अँड लोवेल'च्या कौतुकात सगळ्यात जास्त वापरला जातो. मराठी भावगीत ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला हा निकष तसा परका आहे. आपल्याकडे कवी एक, संगीतकार दुसरा आणि गाणारा तिसरा. विरहगीत गाणाऱ्या गायिकेला खरंच कुणाचा विरह झाला आहे का, हे आपण विचारत नाही. अभंगांच्या बाबतीत मात्र आपण चरित्र शोधतो. दुष्काळ आणि घरातले मृत्यू हे तुकोबांच्या अभंगांमागे ठेवून वाचायची सवय आहेच. इंग्रजीतल्या गायक-गीतकारांचा श्रोता हीच सवय रोजच्या गाण्यांना लावतो: लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा एकच, म्हणजे गाण्यातला 'मी' तोच.

स्टीव्हन्सनेही त्याला हातभार लावला. २०१५मध्ये त्याने मुलाखतीत सांगितलं होतं की हा कलाप्रकल्प नाही, हे माझं आयुष्य आहे. लोकांनी ते शब्दशः घेतलं. पण दहा वर्षांनी, २०२५मध्ये, या अल्बमची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तो त्याबद्दल जवळजवळ लाजून बोलला. जे निरर्थक आहे त्यातून अर्थ काढायचा आपला खटाटोप फसला, आपण त्यात आत्मकेंद्री होतो, असा त्याचा सूर होता. ज्या अल्बमने असंख्य लोकांना आईबापांच्या मृत्यूतून सावरायला हात दिला, तो करणाऱ्यालाच फसलेला वाटतो. मला हे पटत नाही. पण "प्रामाणिक" हे कौतुक किती तकलादू आहे ते यावरून कळतं. गाणी चांगली आहेत ती बांधणीमुळे. काय सांगायचं आणि कुठे थांबायचं याचं भान त्यांत आहे म्हणून. खरं दुःख तर कितीतरी वाईट गाण्यांच्या मागेही असतं.

'जॅव्हलिन'च्या वेळी त्याने फारसं काही सांगितलंच नाही. सांगण्याच्या परिस्थितीतही तो नव्हता. अल्बम येण्याच्या काही आठवडे आधी त्याला गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराने गाठलं. एका सकाळी उठून चालताच येईना. तो रुग्णालयात, मग पुनर्वसन केंद्रात होता, त्यामुळे अल्बमची नेहमीची प्रसिद्धी झालीच नाही. सोबत अठ्ठेचाळीस पानांचं चित्रांचं आणि छोट्या निबंधांचं पुस्तक आहे, पण ते चरित्र सांगायच्या फंदात पडत नाही.

मृत्यूवरच्या त्याच्या अल्बमांची बेरीज दोनवर थांबत नाही, हेही सांगायला हवं. २०२०मध्ये वडील वारले, तेव्हा त्याने 'कॉन्व्होकेशन्स' केला: पाच भाग, अडीच तास आणि जवळपास शब्दच नाहीत. त्याच्याबद्दल मात्र कुणी "प्रामाणिक" म्हणत नाही, कारण तो पुरा ऐकलेली माणसंच कमी. मीही तुकड्यातुकड्यांत ऐकला आहे.

कुठून सुरू करायचं? आपल्याकडे स्टीव्हन्स बहुतेकांना माहीत झाला तो २०१७च्या 'कॉल मी बाय युअर नेम' या चित्रपटातल्या 'मिस्ट्री ऑफ लव्ह'मुळे. त्या गाण्याचा गोडवा आवडला असेल तर आधी 'जॅव्हलिन' लावा, दुसऱ्या आणि सहाव्या गाण्यापासून. 'कॅरी अँड लोवेल'साठी रात्रीचा मोकळा तास ठेवा, आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर घाई करू नका. त्याची दहा वर्षांनंतरची आवृत्ती घेणार असाल तर मूळची अकरा गाणी आधी स्वतंत्र ऐका, जोडलेली सात नंतर. त्या सातांत 'मिस्ट्री ऑफ लव्ह'चा कच्चा मसुदाही आहे.